समचलन : पाटीवरचे समीकरण आणि घरचा हिशेब

इतिहासाच्या शिक्षकाने गणितावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु शेतसारा किती, मजुरी किती, व्याज किती आणि हे सर्व कोणाच्या पदरात पडले, हे मोजल्याखेरीज कोणत्याही समाजाचा इतिहास समजत नाही. इतिहासाच्या वर्गात फळ्यावर सनावळीच्या शेजारी त्रैराशिक मांडण्याची वेळ वारंवार येते. त्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय सुचला.

आपल्या जिल्ह्यातील अनेक पालक म्हणतात, "सर, आम्हाला गणितातले काही कळत नाही." असे म्हणणारी माउली पहिल्या वेचणीपासून उलंगवाडीपर्यंत कापूस वेचते आणि शनिवारी हिशेब होतो तेव्हा आठ दिवसांचे किलो व त्यांचे पैसे तोंडी सांगते. तिला जे येते, त्यालाच आठवीच्या पुस्तकात 'समचलन' म्हटले आहे. माजी विद्यार्थ्यांनी तो पाठ कधीतरी सोडवला असेल आणि परीक्षेनंतर विसरलाही असेल. तो पाठ आज पुन्हा उघडावा, त्यातील समीकरणाची आपल्या नित्याच्या व्यवहाराशी ओळख करून द्यावी आणि ते कोठे लागू पडते व कोठे पडत नाही हे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

समचलन म्हणजे काय?

'चलन' या शब्दाने येथे नोटा व नाणी अभिप्रेत नाहीत. चलन म्हणजे बदलणे. दोन राशी परस्परांशी निगडित असतात आणि एक बदलली की दुसरीही बदलते. एक राशी दुप्पट झाल्यावर दुसरी दुप्पट होत असेल, एक तिप्पट झाल्यावर दुसरी तिप्पट होत असेल आणि एक निम्मी झाल्यावर दुसरीही निम्मी होत असेल, तर त्या राशी समचलनात आहेत असे म्हणतात.

समजा, कापूस वेचणीचा दर किलोला १० रुपये ठरला आहे. मग हिशेब असा होतो :

५ किलो — ५० रुपये
२० किलो — २०० रुपये
३५ किलो — ३५० रुपये
५० किलो — ५०० रुपये

कोणत्याही ओळीतील रुपयांना त्याच ओळीतील किलोंनी भागा, उत्तर १० येते. या न बदलणाऱ्या संख्येला 'चलनाचा स्थिरांक' म्हणतात. वजनाला क्ष, मजुरीला य आणि स्थिरांकाला क मानले, तर सारा व्यवहार एका ओळीत मावतो :

य = क × क्ष

समचलन ओळखण्याच्या दोन कसोट्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, य ला क्ष ने भागल्यावर प्रत्येक वेळी तीच संख्या यावी. दुसरी, क्ष शून्य असेल तेव्हा य देखील शून्य असावा. या व्यवहाराचा आलेख काढला तर सरळ रेषा मिळते आणि ती रेषा शून्याच्या बिंदूतून जाते. यांपैकी एकही कसोटी पार पडली नाही, तर तो व्यवहार समचलनाचा नाही.

येथे एक सूचना आवश्यक आहे. स्थिरांक 'स्थिर' असतो तो एका ठरावापुरता. हंगामाच्या अखेरीस झाडावर बोंडे थोडी उरतात, किलोभर कापसासाठी अधिक हात चालवावा लागतो आणि म्हणून वेचणीचा दर वाढतो. तेव्हा क बदलतो आणि हिशेब नव्याने मांडावा लागतो. जुन्या दराचे किलो आणि नव्या दराचे किलो एकत्र मिसळून गुणाकार केला, तर एकाचे नुकसान ठरलेलेच.

त्रैराशिक : जुनी विद्या, बंद दरवाजे

हा विचार नवा नाही. तीन संख्या माहीत असताना चौथी काढण्याच्या रीतीला आपल्याकडे त्रैराशिक म्हणतात. इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या 'आर्यभटीय' या ग्रंथात ती रीत आहे. इसवी सन ११५० च्या सुमाराचा भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ तर त्रैराशिकाला अंकगणिताचा कणा मानतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि त्यास इसवी सन १२०७ मध्ये देणगी मिळाली, असे जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखावरून कळते.

मराठी शाळांत पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी पाठ करून घेत. आजच्या भाषेत ही सारी समचलनाचीच कोष्टके होत. सवायकी म्हणजे य = १.२५ × क्ष आणि दीडकी म्हणजे य = १.५ × क्ष. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. त्या काळी ही कोष्टके मुखोद्गत असणाऱ्याला बाजारात कोणी सहज फसवू शकत नसे.

प्रश्न असा की ती मुखोद्गत कोणाला होती? ज्यांच्यासाठी शाळेचा दरवाजा बंद होता, त्यांच्यासाठी त्रैराशिकही बंद होते. शेतात राबणारा एक आणि वही लिहिणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. उठाव करणाऱ्यांचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. जो हिशेब आपल्याला वाचता येत नाही, त्यानेच आपली जमीन जाते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन केले. त्यांनी सुचवलेल्या प्राथमिक अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही समावेश होता. लिहिता-वाचता येणे आणि हिशेब येणे या दोन गोष्टी त्यांनी एकत्र ठेवल्या, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

एकक चुकले की स्थिरांक चुकतो

आता बाजारात येऊ. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ८,११० रुपये जाहीर झाला. हा भाव म्हणजेच चलनाचा स्थिरांक. वजन क्विंटलमध्ये धरले तर स्थिरांक ८,११०, आणि किलोमध्ये धरले तर तोच स्थिरांक ८१ रुपये १० पैसे होतो. व्यवहार एकच, पण एकक बदलले की स्थिरांकाची संख्या बदलते.

समजा, एका शेतकऱ्याचा कापूस १२ क्विंटल ४० किलो भरला. १०० किलोंचा एक क्विंटल, म्हणून हे वजन १२.४० क्विंटल. ८,११० ने गुणले असता १,००,५६४ रुपये येतात. आता वजन १२ क्विंटल ४ किलो असते, तर ते १२.०४ क्विंटल लिहावे लागले असते आणि रक्कम ९७,६४४ रुपये ४० पैसे झाली असती. दशांशचिन्हानंतरचे एक शून्य इकडचे तिकडे झाले, तर २,९१९ रुपये ६० पैशांचा फरक पडतो. मुलाला दशांश अपूर्णांक का शिकवायचे, या प्रश्नाचे याहून सोपे उत्तर माझ्याजवळ नाही.

शासकीय खरेदीत ओलाव्याचाही हिशेब असतो. कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असल्यास पूर्ण भाव मिळतो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे भावात एक टक्का कपात होते. ओलावा १० टक्के भरला तर कपात २ टक्के, म्हणजे भाव ७,९४७ रुपये ८० पैसे. आपल्या १२.४० क्विंटलचे आता ९८,५५२ रुपये ७२ पैसे होतात. येथे स्थिरांक लहान झाला, तरी व्यवहार समचलनाचाच राहिला. दुप्पट कापूस आणणाऱ्याला दुप्पटच रक्कम मिळेल. शेतकऱ्याला विचारायचे ते एवढेच, की ओलावा यंत्रावर किती दाखवला आणि त्यावरून भाव किती धरला. हे दोन आकडे मिळाले की बाकीचा हिशेब घरातील आठवीची मुलगी करू शकते.

ठरावीक वजावट कोणाला जड जाते?

शिकवताना सर्वाधिक भर द्यावा असे मला वाटते ते स्थळ हेच. समजा, वेचलेल्या कापसाच्या प्रत्येक गाठोड्यातून कापडाचे आणि कचऱ्याचे म्हणून सरसकट एक किलो वजन वजा केले जाते. दर किलोला १० रुपयेच आहे.

२० किलो वेचणारीला १९ किलोंचे १९० रुपये मिळतात. तिचे नुकसान शंभरात ५.
२५ किलो वेचणारीला २४ किलोंचे २४० रुपये मिळतात. तिचे नुकसान शंभरात ४.
५० किलो वेचणारीला ४९ किलोंचे ४९० रुपये मिळतात. तिचे नुकसान शंभरात २.

वजावट तिघींना सारखीच लावली, तरी तिचा भार सारखा पडला नाही. वयस्क बाई, आजारातून उठलेली बाई, लेकरू कडेवर घेऊन आलेली बाई कमी वेचते, आणि तिच्याच मजुरीचा मोठा वाटा कापला जातो. समीकरण आता य = १० × (क्ष − १) असे झाले. त्याचा आलेख सरळ रेषाच आहे, परंतु ती शून्यातून जात नाही. समचलन मोडले ते येथे. याउलट वजावट शेकडा दोन या प्रमाणात केली असती, तर तिघींनाही शंभरात दोनचाच भार सोसावा लागला असता आणि समचलन टिकले असते.

म्हणून कोणतीही वजावट, शुल्क किंवा वर्गणी ठरवताना विचारावे : ही प्रमाणात आहे की ठोक आहे? गावातील सार्वजनिक कार्यासाठी घरटी ठोक ५०० रुपये वर्गणी काढली, तर पाच एकरवाला आणि रोजमजुरीवाला यांच्यावर ती सारखी पडत नाही. हे सांगण्यासाठी भाषण लागत नाही, भागाकार पुरतो.

मात्र प्रमाण मोडले की अन्याय झाला, असा सरसकट नियम करता येत नाही. शिधापत्रिकेचे उदाहरण पाहा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस महिन्याला ५ किलो धान्य मिळते. हे समचलन आहे : य = ५ × क्ष. अंत्योदय कुटुंबाला मात्र माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो मिळते. येथे माणसांच्या संख्येशी चलन नाही. सात माणसांच्या घरात दोन्ही रीतींनी ३५ किलोच येतात. तीन माणसांच्या घराला पहिल्या रीतीने १५ आणि दुसऱ्या रीतीने ३५ किलो, तर नऊ माणसांच्या घराला पहिल्या रीतीने ४५ आणि दुसऱ्या रीतीने ३५ किलो. एकटी विधवा, निराधार वृद्ध जोडपे अशा लहान पण अत्यंत गरीब घरांना ठोक धान्याचा आधार मिळतो. मोठ्या घराला तोच नियम अपुरा पडतो. नियम कोणाच्या बाजूने झुकतो, हे पाहण्यासाठी दोन ओळींचे गणित करावेच लागते.

विजेच्या बिलाचेही तसेच. त्यात एक स्थिर आकार असतो, तो दिवा न लावताही द्यावा लागतो. शिवाय घरगुती वापराच्या पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो आणि त्यापुढील युनिटांचा अधिक असतो. म्हणून "गेल्या महिन्यात ६० युनिटांचे इतके आले, तर १२० युनिटांचे दुप्पट यावे" असा अंदाज चुकतो.

व्याज : काळ, मुद्दल आणि चक्र

आपल्याकडे "शेकडा दोन रुपये" असे व्याज बोलले जाते आणि ते महिन्याचे असते, हे ऐकणाऱ्याच्या अनेकदा ध्यानात येत नाही. महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस.

मुद्दल १०,००० रुपये असेल, तर सरळव्याज महिन्याला २०० रुपये. सहा महिन्यांचे १,२०० आणि बारा महिन्यांचे २,४०० रुपये. हे व्याज महिन्यांशी समचलनात आहे आणि मुद्दलाशीही समचलनात आहे. व्याजावर व्याज चढू लागले की मात्र समचलन सुटते :

१२ महिन्यांनी — सरळव्याजाने १२,४०० रुपये, चक्रवाढीने सुमारे १२,६८२ रुपये
२४ महिन्यांनी — सरळव्याजाने १४,८०० रुपये, चक्रवाढीने सुमारे १६,०८४ रुपये
३६ महिन्यांनी — सरळव्याजाने १७,२०० रुपये, चक्रवाढीने सुमारे २०,३९९ रुपये

पहिल्या वर्षी फरक पावणेतीनशे-तीनशे रुपयांचा आहे, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो ३,००० रुपयांच्या पुढे जातो आणि रक्कम मुद्दलाच्या दुपटीहून अधिक होते. चक्रवाढीचा आलेख सुरुवातीला सरळ रेषेसारखा भासतो आणि नंतर वर वळतो. कर्जात बुडालेल्या घराला "एवढे कसे झाले?" असा जो धक्का बसतो, त्याचे एक कारण या वळणात आहे. ज्या जिल्ह्याने कर्जापायी इतकी घरे उजाड झालेली पाहिली, तेथे हे कोष्टक प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने मांडावे.

बियाण्याच्या धान्यावरील जुनी सवाई आणि दीडी या रीती याहून वेगळ्या. पेरणीला एक पोते घेतले तर सुगीला सवा किंवा दीड पोते परत करायचे. परतफेड धान्याच्या मापाशी समचलनात आहे : दोन पोत्यांवर अडीच, चार पोत्यांवर पाच. परंतु काळाशी तिचा संबंध नाही. चार महिन्यांनी परत केले तरी सवाई आणि आठ महिन्यांनी केले तरी सवाईच. चार महिन्यांत पाव हिस्सा म्हणजे महिन्याला शेकडा सव्वासहा व्याज झाले. "पोत्यामागे पावभरच तर देतो" या बोलण्यात काळ लपलेला असतो. म्हणून एखादी राशी कशाशी समचलनात आहे आणि कशाशी नाही, हे दोन्ही विचारावे.

छपरावरचे पाणी, शेताची बाजू

निसर्गातही समचलन आढळते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी होते. म्हणून १०० चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला की १,००० लिटर पाणी पडते. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ९०० मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या एका छपरावर ९०,००० लिटर पाणी येते. त्यातील शेकडा वीस वाया गेले तरी ७२,००० लिटर उरते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीने आपल्या छपराची लांबी-रुंदी मोजून हा गुणाकार करून पाहण्यासारखा आहे.

जमिनीच्या बाबतीत मात्र एक फसवी जागा आहे. चौरस शेताची बाजू १०० मीटर असेल तर क्षेत्र एक हेक्टर. बाजू २०० मीटर झाली तर क्षेत्र दोन हेक्टर होत नाही, चार हेक्टर होते. क्षेत्र बाजूशी समचलनात नसून बाजूच्या वर्गाशी समचलनात असते. नकाशावर अंतर मोजताना आणि क्षेत्र मोजताना विद्यार्थ्यांची गफलत होते ती येथेच. गुंठे आणि एकर यांचे नाते मात्र सरळ आहे : ४० गुंठ्यांचा एक एकर आणि गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट.

जमीन दुप्पट झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट होईल काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनी व त्यांवरील उपाय या विषयावर इंग्रजीत एक निबंध लिहिला. त्या वेळी जमिनीचे तुकडे एकत्र करून धारणक्षेत्र वाढवावे, असा उपाय अनेक जण सुचवीत होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की धारणक्षेत्र आकाराने लहान आहे की मोठे, एवढ्यावरून ते किफायतशीर ठरत नाही. जमीन हे उत्पादनाच्या साधनांपैकी एक साधन आहे. भांडवल, अवजारे आणि श्रम यांचे जमिनीशी योग्य प्रमाण जुळले तरच शेती किफायतशीर होते. बैलजोडी, बियाणे आणि पाणी तेवढेच ठेवून नुसती जमीन दुप्पट केली, तर पीक दुप्पट होणार नाही. शेतीवर अवलंबून असलेले जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळवणे हा त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय होता. खताचेही तसेच. एका पोत्याने पीक वाढले म्हणून चार पोत्यांनी चौपट वाढत नाही. समचलन कोठे संपते हे ओळखणे हासुद्धा समचलन समजण्याचाच भाग आहे.

संविधानातील समचलन

शेवटचे उदाहरण आपल्या संविधानातले. कलम ३३० मध्ये लोकसभेतील आणि कलम ३३२ मध्ये विधानसभेतील राखीव जागांची तरतूद आहे. त्या जागांची संख्या ठरवण्याचा नियम थोडक्यात असा : राज्याच्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जे प्रमाण असेल, शक्य तितके तेच प्रमाण एकूण जागांत राखीव जागांचे असावे. अनुसूचित जमातींनाही तोच नियम लागू आहे. म्हणजेच राखीव जागा लोकसंख्येशी समचलनात आहेत.

सध्याचे मतदारसंघ २००१ च्या जनगणनेवर आधारलेले असून त्यांचा आदेश २००८ मध्ये निघाला. त्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७ होती. त्यांत अनुसूचित जातींचे ९८,८१,६५६ आणि अनुसूचित जमातींचे ८५,७७,२७६ लोक होते. विधानसभेच्या जागा २८८. आता त्रैराशिक मांडा :

अनुसूचित जाती : २८८ × ९८,८१,६५६ ÷ ९,६८,७८,६२७ = सुमारे २९.३८
अनुसूचित जमाती : २८८ × ८५,७७,२७६ ÷ ९,६८,७८,६२७ = सुमारे २५.४९८

प्रत्यक्षात राखीव जागा अनुक्रमे २९ आणि २५ आहेत. अर्धा आमदार निवडता येत नाही, म्हणून जवळची पूर्ण संख्या घ्यावी लागते. 'शक्य तितके' या शब्दांचे गणिती कारण हेच. लोकसभेच्या ४८ जागांसाठी हाच हिशेब केला असता ४.९० आणि ४.२५ येतात, आणि राखीव जागा ५ व ४ आहेत. आपल्या जिल्ह्यातील सात विधानसभा मतदारसंघांपैकी उमरखेड अनुसूचित जातींसाठी, तर राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्या जागांमागे कोणाची मेहरबानी नाही, एक भागाकार आहे. आणि त्या भागाकारात प्रत्येक माणूस एकच मोजला जातो. म्हणूनच जनगणनेचा कर्मचारी दारात येईल तेव्हा घरातील प्रत्येक नाव नोंदले जाईल, याची काळजी घ्यावी.

घरी करून पाहण्यासाठी

पालकांनी मुलांसोबत बसून पुढील तीन उदाहरणे सोडवावीत.

पहिले : रोजगार हमीची २०२५-२६ ची महाराष्ट्रातील मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. एका मजुराने १४ दिवस पूर्ण काम केले. खात्यात ४,०५६ रुपये आले. बरोबर आहे काय? १४ दिवसांचे ४,३६८ रुपये व्हावयास हवेत. मिळालेल्या रकमेला ३१२ ने भागले की १३ येतात. म्हणजे हजेरीपटावर एक दिवस कमी लागला आहे. नेमके काय विचारायचे ते आता ठाऊक झाले.

दुसरे : प्राधान्य कुटुंबात ६ जण आहेत, म्हणून ३० किलो धान्य मिळाले पाहिजे. एका महिन्यात २५ किलो मिळाले आणि दुसऱ्या महिन्यात २६. दोन्ही वेळा कमीच आहे, पण तक्रार एकच नाही. २५ ला ५ ने नि:शेष भाग जाऊन ५ येतात, म्हणून यादीतून एक नाव गळले असण्याचा संभव आहे. २६ ला भागल्यास ५.२ येतात. माणसे सव्वापाच किंवा साडेपाच नसतात, म्हणून तेथे वजनाचीच चौकशी करावी.

तिसरे : वेचणीच्या वहीत १८ किलोंचे १८० रुपये, २५ किलोंचे २५० रुपये आणि ३० किलोंचे २९० रुपये लिहिले आहेत. कोणती ओळ तपासावी? प्रत्येक ओळीचा भागाकार करा. पहिल्या दोन ओळींत १० येतात, तिसऱ्या ओळीत ९.६७ येतात. तपासावयाची ओळ तीच.

या तिन्ही उदाहरणांत गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागले नाही. लागली ती एक सवय : दोन राशी दिसल्या की त्यांचा भागाकार करून स्थिरांक शोधण्याची. भांडण न करता, आवाज न चढवता, वहीवर बोट ठेवून "ही ओळ पुन्हा तपासा" असे म्हणता येणे ही मोठी शक्ती आहे. आपल्या मुलींना आणि मुलांना ती शाळेत मिळावी, आणि सुटीत घरी आल्यावर त्यांनी ती आईवडिलांच्या हिशेबासाठी वापरावी. पालकांनीही दुकानाची पावती, विजेचे बिल, बचत गटाचे पुस्तक त्यांच्यापुढे ठेवावे आणि विचारावे : यातला स्थिरांक कोणता, सांग पाहू.